हर्षालीचा अळणी उपवास

"बायपोलर डिसऑर्डर," असं डॉक्टर म्हणाल्या तेव्हा माझ्या आईने आधी पर्सची चेन लावली. पर्स मांडीवर सरळ ठेवली आणि मग विचारलं, "म्हणजे वेड का?"

डॉक्टर म्हणाल्या, "नाही. मनाची दोन टोकं समजा. काही आठवडे मन खूप वर जातं, मग काही महिने खूप खाली. औषधाने ते मध्ये ठेवता येतं. बरीच वर्षं घ्यावं लागेल."

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि मला यातलं काही पटलं नव्हतं. मी वरच्या टोकाला होते. तिथून आपण सोडून बाकी सगळेच आजारी दिसतात. विरारला फुलपाड्यात आमची चार मजल्यांची सोसायटी आहे. तिच्या गच्चीवर मी शाळा काढली होती आणि बिल्डिंगमधल्या पोरांना सकाळी साडेपाचला दार वाजवून उठवत होते. अभ्यासक्रमही मीच ठरवला होता. पहिल्या दिवशी सात मुलं आली, दुसऱ्या दिवशी त्यांच्या आया आल्या. बाबा गुहागरकडचे, आयुष्यभर कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते जिन्यात उभे राहून एकेकीची माफी मागत होते, ते मला अजून आठवतं.

अकरा दिवस मी रुग्णालयात होते. मग खालचं टोक आलं, ते पाच महिने टिकलं. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, कारण मी काही केलंच नाही. केस विंचरणं हेसुद्धा आईचं काम होतं. दोन औषधं बदलून तिसरं लागू पडलं, क्वेटियापिन. मनाचा वर-खाली होणारा झोका आवरणारी गोळी. त्यानंतर वर्षभरात मी माणसात आले.

हे सगळं सात वर्षांपूर्वीचं. आजारपणाच्या हकिगती बहुधा इथे संपतात. माझी इथून पुढे सुरू होते, कारण बरी झाल्यावर मी एक चूक केली. ती तुमच्याही हातून होण्यासारखी आहे, म्हणून लिहिते.

आमच्या डॉक्टर आठवड्यातून एकदा वसईतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात बसतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारलं, पिअर सपोर्टर होशील का? म्हणजे ज्या आजारातून आपण गेलो, त्याच आजारातल्या दुसऱ्या कुणाला सोबत करायची. उपचार डॉक्टर करणार. आपण फक्त शेजारी बसायचं आणि वाट ओळखीची आहे एवढं कळू द्यायचं. त्याचं रीतसर शिक्षण असतं. आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, स्वतःची गोष्ट समोरच्याला उपयोगी पडेल तेवढीच सांगा, आणि औषध व खाण्यापिण्याचा प्रश्न आला की डॉक्टरांकडे पाठवा. मी मान डोलावली. मान डोलवायला मला पहिल्यापासून आवडतं.

दर गुरुवारी दुपारी आमचा गट जमतो. अठरा ते पंचवीस वयाची सात-आठ मुलंमुली, चहा आणि बिस्किटं. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिथे हर्षाली आली. वीस वर्षांची, नायगावच्या खाडीकडच्या गावातली. घरची भातशेती, वडिलांचा पाण्याच्या टँकरचा धंदा. आजार माझाच, बायपोलर. पहिले तीन गुरुवार ती तोंडावर ओढणी धरून बसली. चौथ्या गुरुवारी मी गच्चीवरच्या शाळेची गोष्ट सांगितली, तेव्हा ती फिसकन हसली.

"ताई, मी तर प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये जाऊन त्यांना रिटायर व्हा म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "अर्जपण मीच टाइप करून नेलेला. फक्त सही बाकी होती."

त्यानंतर ती बोलायला लागली. तिला लिथियम चालू होतं. हेही मन स्थिर ठेवणारंच औषध, पण ते रक्तात अगदी नेमकं असावं लागतं, म्हणून मधूनमधून रक्त तपासतात. तिला ते छान मानवलं. पावसाळ्यात ती पुन्हा कॉलेजला जाऊ लागली. तिची आई प्रमिलाकाकी दर गुरुवारी तिला सोडायला यायची आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायची. एकदा मला म्हणाली, "तुमाला बगते ना ताई, मग माजा जीव थाऱ्यावर येतो." मला ते फार गोड वाटलं. आता वाटतं, तिथेच थोडं सावध व्हायला हवं होतं.

नवरात्राच्या आदल्या गुरुवारी गट संपला, मी कप गोळा करत होते. हर्षाली मागे थांबली.

"ताई, घट बसल्यावर नऊ दिवस उपवास धरायचाय. चालेल ना?"

"चालेल की," मी म्हटलं. "मी पण दरवर्षी धरते, मला काही होत नाही. फक्त गोळी चुकवू नकोस."

आणि मी कप धुवायला गेले. संभाषण एवढंच. कसला उपवास, हे मी विचारलं नाही. तिची गोळी वेगळी आहे हे माहीत असून माझ्या डोक्यात आलं नाही. डॉक्टर शेजारच्या खोलीत होत्या.

आमच्याकडे उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याची भाजी, वर ताक. नवरात्रात माझं वजन वाढतं. हर्षालीचा उपवास नवसाचा होता. पोरगी बरी झाली तर तिच्या हातून नऊ दिवस अळणी उपवास करवून घेईन, असं प्रमिलाकाकी देवीला बोलली होती. अळणी म्हणजे मिठाचा कणही नाही. दिवसातून एकदा फळं आणि दूध. वरून ऑक्टोबरचं ऊन, आणि संध्याकाळी नव्या टॉवरच्या आवारात मैत्रिणींबरोबर गरबा.

सहाव्या दिवशी सकाळी काकीचा फोन आला. आवाज आनंदाने भरून आला होता.

"ताई, हर्षालीच्या अंगात देवी आली. कालपासून हात थरथरतात तिचे. नवस पावला बगा. तुमी ओटी भरायला या."

मी अभिनंदन करणार होते, खरंच. मग "थरथरतात" हा शब्द डोक्यात अडकला.

"काकी, उलटी झाली का तिला?"

"झाली ना, दोनदा. पोटात काय नाय, पानीपन ठरत नाय. होनारच."

मी रिक्षात बसून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, मीठ खाते का आणि चालताना तोल जातो का. दोन्ही मला माहीत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "पुढची गोळी द्यायची नाही. मिळेल त्या गाडीने जवळच्या मोठ्या रुग्णालयात ने. मी तिथे फोन करते."

घरात पोचले तर ओटीवर चपलांचा ढीग होता. आत घटापुढे चटईवर हर्षाली बसली होती. कपाळभर हळदकुंकू, मांडीत नारळ. शेजारपाजारच्या बायका एकेक करून तिच्या पाया पडत होत्या. तिचे हात थडथडत होते आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाळ येत होती. मी जवळ बसले तेव्हा ती म्हणाली, "ताई, उभं राहता येत नाही." जीभ इतकी जड झाली होती की मला ते दुसऱ्यांदा ऐकावं लागलं.

मला भीती वाटली. पोरीची वाटली आणि त्या भरलेल्या खोलीचीही वाटली. मी घटाला नमस्कार केला, हर्षालीच्या मांडीतला नारळ उचलून देवीपुढे ठेवला आणि काकीला म्हटलं, "काकी, हे गोळीचं आहे. रक्तात गोळी वाढलीये. आत्ता निघायचं."

"गोळीचं कसं? गोळी तर टायमावर घेतली तिनी," काकी म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. "तुमीच बोल्लात ना उपास चालेल म्हनून?"

"हो. मी चुकीचं सांगितलं. निघू या."

खोलीत एक म्हातारी बाई पुटपुटली की भरल्या घटापुढून सवाष्णीने लेक उठवू नये. हर्षालीच्या वडिलांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरीला उचललं आणि शेजाऱ्याच्या गाडीत ठेवलं.

रुग्णालयात आधी सीरम लिथियमसाठी रक्त घेतलं, म्हणजे रक्तात लिथियम किती आहे याची तपासणी. मग क्रिएटिनिन, मूत्रपिंडं नीट चालली आहेत का ते पाहायला. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी व्हरांड्यात सगळ्यांना समजावलं. "शरीरात मीठ आणि पाणी कमी झालं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात. मिठासोबत लिथियमही धरून ठेवतात. रोजच्याच गोळीचं मग विष होतं. याला लिथियम टॉक्सिसिटी म्हणतात. सलाईन लावलंय. दोन दिवस आयसीयूत ठेवू."

मग त्यांनी विचारलं, "हे औषध चालू असताना उपवास कुणी करायला लावला?"

तिथे हर्षालीचे काका, मामा, मावश्या धरून नऊ माणसं होती. काका लगेच म्हणाले, "तीच हट्टी हाय, कोनाचं ऐकत नाय." मामा म्हणाले, "पयल्यापासून तसंच तिचं." काकी खाली बघत होती.

"तिने मला विचारलं होतं," मी म्हणाले. "मी चालेल म्हणून सांगितलं. डॉक्टरांना विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. चूक माझी आहे."

डॉक्टरांनी मान हलवली आणि ते आत गेले. मी बाकाच्या टोकाला बसले आणि दोन दिवस बहुतेक वेळ तिथेच होते. काकी माझ्याशी बोलत नव्हती. तिने राहिलेला अळणी उपवास स्वतःकडे घेतला होता. दुपारी ती पिशवीतून केळं काढायची, अर्धं मोडून न बघता माझ्याकडे सरकवायची. मी खायचे.

तिसऱ्या दिवशी हर्षालीची थरथर थांबली, जीभ मोकळी झाली. मूत्रपिंडं शाबूत होती. लिथियम बंद केलं. आठ दिवसांनी येऊन दुसरं औषध सुरू करायचं, असं ठरलं. पण जाताना हर्षालीचे काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झाली तेवढी औषधं बस झाली. गोळीनंच घात केला." आठ दिवसांनी ती आली नाही. पंधरा दिवसांनीही नाही. फोन कुणी उचलत नव्हतं.

औषधाशिवाय बायपोलर फार काळ गप्प बसत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ती कुठल्या टोकाला गेली असेल या विचाराने माझी झोप उडाली. तीन दिवस झाल्यावर मी स्वतःच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझी मात्रा थोडी वाढवली आणि महिनाभर गट दुसऱ्या सपोर्टरकडे दिला. मी राजीनामा लिहून नेला होता. त्यांनी तो वाचला.

"तुझा आणि तिचा आजार एक आहे," त्या म्हणाल्या. "शरीर एक नाही, घर एक नाही. तू स्वतःवरून तिचा अंदाज बांधलास. हे या कामात सगळ्यांकडून होतं, कारण आपण त्यांच्यासारखे आहोत हेच तर आपलं भांडवल. हा राजीनामा तुझ्याकडेच ठेव. पण यापुढे आधी विचार, मग सांग."

महिन्यानंतर मी पुन्हा गटात बसले. पहिल्याच दिवशी मुलांना माझी चूक सगळी सांगितली. एका मुलाने वही काढून स्वतःच्या गोळीचं नाव लिहिलं आणि तिच्याबरोबर काय चालत नाही ते विचारायला डॉक्टरांच्या खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. त्याच्या मागोमाग आणखी दोघी गेल्या. हर्षालीची खुर्ची आम्ही काढली नव्हती.

दिवाळी होऊन महिना उलटल्यावर एका गुरुवारी प्रमिलाकाकी दारात उभी होती. तिच्यामागे हर्षाली, तोंडावर ओढणी धरलेली.

"सात दिस झोपली नाय," काकी म्हणाली. "घरात सगले नको बोलतात. मीच आनली."

मी दोघींना डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाली, नवं औषध ठरलं. या वेळी काय खायचं, काय टाळायचं, उपवास आला तर आधी कुणाला विचारायचं, हे काकीने चार वेळा विचारून घेतलं. बाहेर आल्यावर माझ्याच्याने राहवलं नाही.

"काकी, माझ्यामुळे एवढं झालं. तरी तुम्ही तिला इथेच आणलीत?"

काकी बाकावर बसली आणि तिने पदराने मान पुसली.

"दोन वरसं झाली पोरीला," ती म्हणाली. "जो येतो तो तिलाच बोलतो. ही हट्टी, ही आलशी, ही नाटकं करते. मीपन बोलली. त्या दिशी तुमी समद्यांसमोर बोल्लात, तिची नाय, माजी चूक हाय. असं आजपरत कोनी बोल्ला नव्हता. ती आत सलाईनवर होती, तरी तिला ऐकू गेलं. घरी आल्यावर मला तेच इचारत होती, ताई खरंच असं बोल्ली का?"

मी रडले. काकीही रडली. हर्षाली आमच्या दोघींकडे बघत होती, आणि तिने तोंडावरची ओढणी खाली घेतली.

"ताई, गट सुरू झाला का?" तिने विचारलं.

"झालाय," मी म्हटलं. "पण आधी सांग, आज जेवलीस का?"