पापण्या मिटून उघडा

माझ्या वडिलांच्या हयातीचा दाखला गेल्या नोव्हेंबरात माझ्या चेहऱ्यावर निघाला. पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी मोबाइलसमोर पापण्या मिटून उघडाव्या लागतात. अर्धांगवायूमुळे वडिलांना ते जमेना. कसे करायचे ते दाखवावे म्हणून मी फोन स्वतःकडे वळवला. पडद्यावर हिरवी खूण आली आणि वडिलांचे नाव उमटले.

"आता तू मी झालास व्हय?" वडील म्हणाले. "मग ह्या खाटंवर कोण हाय?"

मी चूक कळवली. ॲप बनवणाऱ्या कंपनीचे उत्तर त्याच मिनिटाला आले: पडताळणी अचूक आहे.

फेब्रुवारीत वडील वारले. आता पेन्शन आईच्या नावे व्हायला हवी होती. तिचा अर्ज आणि मृत्यूचा दाखला घेऊन मी शाहूपुरीतल्या सरकारी कार्यालयात गेलो. अर्ज आणणाऱ्याचाही चेहरा घेतात, म्हणून कारकुनाने कॅमेरा माझ्याकडे वळवला. मी पापण्या मिटून उघडल्या. तो एकदा पडद्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला.

"पावणं, वारलं कोण म्हणालासा?"

मी मृत्यूचा दाखला पुन्हा पुढे केला.

"कागद बरोबर हाय की," तो म्हणाला. "पण हे कागदाचं ऐकत न्हाय."

घरी आईला हे सांगितले. तिने माझा चेहरा बराच वेळ निरखून पाहिला.

पंधरा दिवसांनी तिचा अर्ज परत आला. त्यावर कारण छापले आहे: पेन्शनधारक हयात. खाली शेवटच्या पडताळणीची तारीख आणि वेळ आहे. त्या वेळी मी कारकुनासमोर उभा होतो.