बेबीताईचा तिरपा भांग

चाळीसगावच्या आमच्या गल्लीत सगळ्या बायकामुलींचा भांग मधोमध असे. एकट्या बेबीताईचा तिरपा. ती शेजारच्या नानांची थोरली मुलगी. तिचं खरं नाव आम्हाला तिच्या लग्नपत्रिकेतच कळलं. तिरपा भांग म्हणजे फॅशन आणि मधला म्हणजे काकूबाई, एवढं आमचं शास्त्र पक्कं होतं.

ती रोज रेल्वेने जळगावला कॉलेजला जायची. संध्याकाळी ती परतायच्या सुमारास आम्ही मुली ओट्यावर येऊन बसायचो. आज वेणी की पोनी, क्लिपचा रंग कोणता, बांगड्या कशा, सगळं डोळ्यांत साठवायचो. “मॅचिंग नसेल तर माणसानं घरी बसावं,” असं ती म्हणायची. निळ्या फ्रॉकवर लाल रिबीन लावावी लागेल म्हणून मी एका बारशाला गेलेच नाही.

सातवीत असताना मी तिच्या मागे लागून कपाळावर बटा कापून घेतल्या. एक बाजू आखूड झाली, म्हणून तिने दुसरी कापली. मग पहिली लांब वाटायला लागली. शेवटी केस कपाळाच्या वर ब्रशसारखे उभे राहिले. माझी आई अहिराणीत ओरडत आली, “हाई काय करी टाकं व बेबी?”

“काकू, चूक माझी आहे. तिला बोलू नका,” बेबीताई म्हणाली.

मी रात्रभर रडले. उद्या वर्गात कशी जाऊ? सकाळी दार वाजलं. बेबीताई उभी होती, आणि तिच्या कपाळावरचे केस माझ्याइतकेच आखूड, तसेच उभे. “चल, शाळेत सोडते,” म्हणाली. तिने माझा हात धरून मला भर बाजारातून नेलं आणि मग धावत स्टेशन गाठलं. चार दिवसांत गल्लीतल्या निम्म्या मुली तशाच बटांसाठी घरी हट्ट करू लागल्या.

पुढे ती लग्न होऊन साक्रीला गेली, मी शिकायला नाशिकला. तिथे कळलं की मॅचिंग गावठी असतं. मग विटलेली जीन्स आली, सरळ केलेले केस आले, आणि चाळिशीत न चुकता दर महिन्याला केसांचा रंग.

गेल्या वर्षी धुळ्यात एका लग्नात ती भेटली. केस पूर्ण पांढरे, मानेपर्यंत कापलेले. बायका काळजीने विचारत होत्या, “बेबी, तुले बरं नही का?”

“माले काय व्हयनं?” ती हसली. “केस पांढरा शेतस, ते दिसू दिधात.”

मी बाजूला घेऊन विचारलं, “ताई, धाडस कसं झालं?”

“धाडस कसलं गं? त्या रंगाच्या वासानं डोकं दुखायचं. एकदा हे पुडी आणायला विसरले, मग मीही विसरले.”

नंतरच्या महिन्यात पार्लरमधल्या मुलीने रंग कालवायला घेतला. मी म्हटलं, “राहू दे.”

काही महिन्यांनी माझी सोळा वर्षांची लेक माझे पांढरे केस न्याहाळत म्हणाली, “आई, काय काकूबाई दिसतेस गं!” मला राग यायला हवा होता. पण सोळाव्या वर्षी असंच वाटायला हवं, असं मनात आलं आणि मी दोघींसाठी चहा टाकला.