उन्हात ठेवलेल्या पेट्या

कार्तिक शुद्ध दशमी, सोमवार, सकाळ. शहादा, आमचं राहतं घर. हजर : मी, म्हणजे वामनची थोरली बहीण; मधला भाऊ शंकर; शंकरची बायको काशी; शेजारचे गिरधरभाई, ज्यांनी डॉक्टरांना आणायला स्वतःची गाडी जोडली; आणि डॉक्टर, जे पोचले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. गैरहजर : वामन शिकवायचा त्या शाळेचे हेडमास्तर, आणि मोठ्या शहरातल्या संग्रहालयाचे ते विद्वान, ज्यांच्या शब्दासाठी वामन पावसाळ्यात डोंगर चढला होता. वामन हिवतापानं गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते खरं आहे, पण पुरतं नाही.

शोकसभेला मात्र हेडमास्तर आले. वामनराव निसर्गवेडे होते, म्हणाले. हाच माणूस शाळेचं सूक्ष्मदर्शक वामनला रविवारीसुद्धा कुरकुरत द्यायचा, आणि तेही शाळेबाहेर न्यायचं नाही या अटीवर. वामन वेडा नव्हता. तो काम करत होता, आणि ते काय होतं हे कोणी विचारलं नाही म्हणून इथं लिहिते.

धडगावच्या वरच्या अंगाला एक जुना मोह आहे. त्याच्या बुंध्याशी कुजलेला पाला साचतो. तो पाला पांढऱ्या धोतरावर चाळला की धुळीतून काही कण चालायला लागतात. ते कण म्हणजे भुंगेरे, खसखशीच्या दाण्याहून लहान. भिंगाखाली पाहिलं तर त्यांचे पंख पिसासारखे, काठाला केसांची झालर. वामननं मला एकदा दाखवलं तेव्हा मी श्वास रोखून धरला होता, कारण माझ्या श्वासानं तो किडा उडून गेला असता. चाळायला त्यानं माझी सपिटाची चाळण नेली होती. मी ती परत मागितली की तो चुलीपुढे बसकण मारायचा आणि समजावायचा. जात म्हणजे एक माणूस धर, प्रजाती म्हणजे त्याचं घर. एका घरातल्या माणसांची ठेवण सारखी असते. या किड्याच्या मागच्या दोन पायांच्या खुब्यांमध्ये रुंद पट्टी आहे, ती त्याच्या कुठल्याच भाऊबंदात नाही. मिशांची शेवटची पेरंही निराळी.

"आक्का, हाऊ किडा कोनाच घरना नही शे."

"मंग बांध त्याले नवं घर. पन मन्ही चाळण दे."

काशी दारातून म्हणायची, "भाऊ, त्या घरले मन्हं नाव द्या. मीबी बारीकच शे."

"देसू ना वहिनी. पन मंग तुम्हले टाचणीवर ऱ्हावं लागी."

नवं घर बांधणं सोपं नव्हतं. बाभळीच्या काट्यानं, पाण्याच्या थेंबात, एकेक पाय सुटा करून तो चित्रं काढायचा. दर चित्रापायी जवळचा एकेक किडा असा उकलावा लागायचा. चित्रं आणि वर्णन त्या विद्वानांकडे गेलं. उत्तर आलं की खानदेशातल्या शाळामास्तराच्या भिंगाची चूक असेल. वामननं पुन्हा चित्रं धाडली. मग उत्तर आलं की किडा जुन्याच प्रजातीतला दिसतो. वामननं खुब्यांचं चित्र मोठं काढून धाडलं, आणि त्यात जवळचे उरलेले किडेही संपले. शेवटी त्यांनी मान्य केलं, पण कसं... वर्णन छापू, मात्र एक अखंड नमुना संग्रहालयात जमा झाला पाहिजे. ज्याच्यावरून नाव ठेवायचं तो किडाच नसेल तर नाव उभं राहत नाही. हा नियम रास्त आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हेच पहिल्या पत्रात सांगितलं असतं, तर तेव्हा वामनकडे अखंड किडे होते.

म्हणून तो भर भाद्रपदात धडगावला गेला. मोहाखाली ओल्यात बसून पाला चाळत राहिला. एक अखंड किडा मिळाला. डिंकाच्या टिपक्यानं कागदाच्या त्रिकोणावर चिकटवून, पेटीत टोचून त्यानं घरी आणला, आणि अंगात थंडी घेऊनच गाडीतून उतरला. अंथरुणावरून त्यानं मला पेटी दाखवली. "आक्का, एवढा धाडी दे."

धाडायला डबी हवी होती, धक्का न लागणारी. त्याचा ताप चढत-उतरत राहिला, मला उशापासून हलता येईना, आणि ती होण्याआधी तो गेला. मग सुतक लागलं. शंकर म्हणाला, सुतकात घरातलं काही बाहेर जायचं नाही. सुतक फिटलं त्या दिवशी मी तांबटाकडे डबी करवून घ्यायला गेले, आणि घरात सारवण निघालं. परत आले तर अंगणातल्या खाटेवर तुरीची डाळ पसरलेली, आणि शेजारी वामनच्या पेट्या, झाकणं उघडी, आत कडूनिंबाचा पाला.

"आक्का, त्या पेट्यास्मा किडा पडेल व्हतात," काशी म्हणाली. "मी उनमा टाकी दिन्यात."

डिंक तडकला होता, वारा सुटलेला होता. त्रिकोण तसाच टाचणीवर होता, कोरा. मी खाटेखालची धूळ पांढऱ्या लुगड्यावर गोळा केली आणि भिंगानं पाहिली. धूळच होती.

काशीवर मी रागावले नाही. डाळीला कीड लागली की आमच्याकडे जे करतात ते तिनं केलं, आणि कळल्यावर ती दोन दिवस जेवली नाही. शंकरचा राग येतो. "किडाच व्हता ना तो," म्हणाला, "धडगावले ढीगभर शेतस." ज्या खोलीला हे घर इतकी वर्षं किड्यांची खोली म्हणत आलं, तिच्यात तो एकदाही वाकून पाहायला गेला नाही. त्या विद्वानांचा राग येतो. त्यांना सगळं कळवलं, तर त्यांनी दुखवटा कळवून खाली पुन्हा नमुन्याची अट लिहिली. आणि वामनचाही येतो. टाचणीच्या टोकावर आयुष्य ठेवणाऱ्या माणसानं खोलीला एक कुलूप लावायला काय झालं होतं...

डबी तयार आहे. आत शहाद्याचाच पिंजलेला कापूस घातला आहे, वर पत्ता चिकटवला आहे. मोहाचं झाड मला ठाऊक आहे. वामननं एकदा मला तिथं नेलं होतं. आता डोंगरावरचा पाला वाळून गेला आहे. चाळण त्याच्या खोलीत खुंटीला आहे, जाळीत तिथली माती अडकलेली. ती घासून मी स्वयंपाकघरात परत आणलेली नाही. तेराव्यानंतरच्या कामांची यादी केली होती, तिच्यातलं सगळं खोडून झालं. एवढंच राहिलं आहे : धडगाव, मोहाखालचा पाला, ओला असताना.