आमच्या शहरातले दिवे

घाटावरच्या एका शहरात स्मार्ट सिटीच्या कचेरीत मी कंत्राटी अभियंता होते. रस्त्यांवरचे जुने पिवळे दिवे उतरवून एलईडी लावायचे, हे आमचं काम. वीज वाचेल, प्रदूषण कमी होईल, असं आम्ही शाळांमधून सांगायचो, आणि ते खोटं नव्हतं. उतरवलेल्या प्रत्येक दिव्यावर मी खांबाचा नंबर लिहून पट्टी चिकटवायचे, मग तो गोदामात जाई. तिथून ठेकेदार नेई. पुढे शास्त्रोक्त विल्हेवाट लावल्याचं पत्र यायचं, सोबत दोन-चार फोटो. फोटो बघून पत्रावर ‘तपासले’ असं लिहून सही मी करायचे.

मे महिन्यात कोकणात मामाकडे नांदगावला गेले. मामाने काजूची वरची बाग एका भंगारवाल्याला भाड्याने दिली होती. काजू गोळा करायला आता माणसं मिळत नाहीत म्हणाला. मामीची मात्र तक्रार होती. जळक्या वासाने डोकं धरतं आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते, असं ती सांगत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाबरोबर वर गेले.

काजूच्या झाडांखाली दिव्यांचा ढीग पडला होता. आतल्या नळ्या फोडून टाकलेल्या, काचांचा नुसता चुरा. बाजूला तांब्यासाठी वायरी जाळलेली काळी जागा, आणि तिथून उतार थेट मामाच्या विहिरीकडे. मी एक दिवा उलटा केला. त्यावर आमच्याच कचेरीची पट्टी होती. खांबाचा नंबर माझ्या अक्षरात होता. दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग मी खालीच बसले.

“गो, काय झाला?” मामाने विचारलं.

ते दिवे माझ्या शहरातले आहेत, त्यांची नीट विल्हेवाट लागली अशी सही मीच केली, नळ्यांमध्ये पारा असतो, या विहिरीचं पाणी पिऊ नका, असं मी कसंबसं सांगितलं. त्याने एक दिवा उचलून पट्टी वाचली.

“मगे तू सही कित्याक केलंस?”



तिथूनच मी कचेरीतल्या साहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “आपल्या हद्दीत नाही ना? मग तो आपला विषय नाही.”

त्याच दुपारी मी तक्रार लिहिली. पट्ट्यांचे फोटो जोडले आणि सही माझी आहे हेही लिहिलं. ग्रामपंचायतीत द्यायला मामा सोबत आला. तिथे तो एरवी कधी बोलत नाही तसं शुद्ध मराठीत बोलला. जागा मी दिली, चूक माझीही आहे, म्हणाला.

अधिकारी पाहणीला यायच्या आधीच भंगारवाल्याने ढीग उचलला. कुठे नेला, कुणाला माहीत नाही. राख आणि काचा तशाच राहिल्या. अधिकाऱ्यांनी विहिरीच्या पाण्याचा नमुना नेला, त्याचा अहवाल अजून आलेला नाही. माझं कंत्राट पुढे वाढवलं नाही. कारण विचारायला मीही गेले नाही.

मामी आता शेजारच्या विहिरीवरून पाणी आणते. दोन कळश्या, सकाळ-संध्याकाळ. परवा फोनवर तिने गुडघे दुखतात असं सांगितलं आणि लगेच विषय बदलला.