मामांची घूस

उंदरांच्या जातीवर इतकी निर्मळ माया करणारा माणूस उभ्या मराठवाड्यात झाला नाही, आणि त्यांना इतक्या संख्येने मारणाराही दुसरा झाला नाही. हे दोन्ही मान आमच्या मामेसासऱ्यांचे. शेतातल्या किडी-उंदरांचा बंदोबस्त शिकवणाऱ्या एका सरकारी कचेरीत ते होते. शिक्षण निजामाच्या अमलात, उर्दूतून झालेलं, त्यामुळे बिळात विष घालतानाही त्यांच्या बोलण्यात अदब असे. पंगतीत कुणी नुसतं ‘उंदीर’ म्हणालं की हातातला घास खाली ठेवून विचारत, “कोणता? घरातला, शेतातला, की घूस?” आमच्या लग्नात नवरीच्या पाठीशी उभं राहायचं सोडून हे मांडवामागे बिळाची खोली मोजत बसले होते. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या गुरुजींना दोन कडवी पदरची घालावी लागली.

शहागंजच्या रद्दीवाल्याकडे त्यांना एका फाटक्या विलायती ग्रंथातलं घुशीचं रंगीत चित्र सापडलं. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असं. ते घेऊन मामा तडक गुलमंडीवर गेले. देवादिकांच्या तसबिरी मढवणाऱ्या कारागिराने चित्र उलटसुलट पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “साब, हार के वास्ते खीला मारूं क्या?” मामा म्हणाले, “नक्को मियां, अभी हयात हैं.” मग सागवानी चौकटीतली ती घूस कचेरीत मामांच्या खुर्चीच्या बरोबर वर विराजमान झाली आणि तिच्याखाली पेंटरने ठळक अक्षरांत लिहिलं : ‘घूस. सर्वत्र आढळते.’ येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मामा तिकडे बोट दाखवून सांगत, “पुढच्या खेपेला येताना घेऊन या.” मापं घ्यायला त्यांना नमुने लागत.

आता, आमच्याकडे लाचेला लाच म्हणतात, फार तर रिश्वत. तिला घूस म्हणणारी हिंदी पार वर उत्तरेकडची. ती एके दिवशी नव्या साहेबांच्या रूपाने कचेरीत दाखल झाली. साहेबांनी पाटी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि गरजले, “दीवार पर लिखकर माँगते हो?” मामांना वाटलं, साहेबांना विषयात गोडी आहे. ते आनंदाने म्हणाले, “जी हाँ. माँगे बगैर कोई लाता नहीं.”

त्याच आठवड्यात चौकशी लागली. शब्दाचा घोळ ध्यानात आल्यावर मामांनी खूप समजावलं, पण साहेबांना ती पळवाट वाटली. बढती अडकली. मामींनी हळदीकुंकवाला जाणं बंद केलं. पंगतीत उंदराचा विषय निघाला तरी मामा मुकाट्याने जेवू लागले. “नोकरी गेली तर जाऊ द्या, जावईबापू,” ते मला म्हणाले, “नाव जाऊ नये.”

साक्षीला गंगापूरकडचे एक म्हातारे शेतकरी बोलावले होते. मी दाराशीच उभा होतो. साहेबांनी विचारलं, “इन्होंने आपसे घूस माँगी थी?”

“व्हय साहेब. लई येळा.”

मामांनी डोळे मिटले.

“आपने दी?”

“दिल्या की! तीन. एक तर जित्ती व्हती, पोत्यात.”

साहेबांची लेखणी थांबली. “फिर?”

“मग ह्यांनी पट्टी लावून शेपटी मोजली आन् मला च्या पाजला.”

साहेब आधी खोकले, मग हसले, मग इतके हसले की शिपाई पाणी घेऊन आला. चौकशी तिथंच मिटली.

पण बाहेर आल्यावर शिपायाने म्हाताऱ्यांना उत्तरेकडच्या घुशीचा अर्थ सांगितला आणि त्यांचा चेहराच उतरला. एसटीची वेळ झाली होती, तरी ते तसेच मागे फिरले. मामांपुढे हात जोडून म्हणाले, “म्या काय बोललो हो तुमच्यावर! मला कळलंच नाय.” मामा नको नको म्हणत असताना ते पुन्हा साहेबांच्या खोलीत शिरले आणि उभ्यानेच म्हणाले, “साहेब, ल्ह्यून घ्या. ह्या माणसानं आमच्या गावात पाण्याबिगर काय घेतलं नाय.” चौकशीच्या साऱ्या दिवसांत मामा रडले नव्हते; तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले.

मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. निवृत्तीच्या समारंभात त्यांच्याविषयी कोण काय छान बोललं, त्यातलं मला काही आठवत नाही. त्या म्हाताऱ्यांचं वाक्य मात्र मी कधीमधी मनाशी म्हणतो, त्यांच्याच बोलीत, आणि मला फार बरं वाटतं.