डोक्याकडे शेवटी बघायचं

ईरा आणि निहार,

परवा तुम्ही नदीकाठच्या झाडावर बसलेल्या पक्ष्याचा फोटो ग्रुपवर पाठवलात. ईराने लिहिलं होतं, "आजी, बाल्ड ईगल!!" त्याखाली तुमच्या बाबांनी लिहिलं, "नाही गं, डोकं पांढरं नाही." मग कुणीतरी अंगठ्याचं चित्र टाकलं आणि विषय संपला.

आधी उत्तर देऊन टाकते. तुमचा पक्षी बाल्ड ईगलच आहे. वयाने लहान आहे. या गरुडाचं डोकं चार-पाच वर्षांनी पांढरं होतं, तोवर तो सगळाच तपकिरी असतो. तुमच्या फोटोत त्याचे पाय स्वच्छ दिसतात, म्हणून इतक्या खात्रीने सांगते. पायांचं काय ते पुढे येईल.

आम्ही राहतो त्या ऑस्ट्रेलियात हा पक्षी मुळीच नाही. मग आजीला कसं ठाऊक? मला हे कालगुर्लीतल्या आमच्या शेजारणीने शिकवलं, आणि तिने स्वतः बाल्ड ईगल एकदाही पाहिला नव्हता. ती एप्रिलमध्ये गेली. तुमच्या फोटोला एका ओळीत उत्तर देणं मला जमेना, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मराठी अडलं तर बाबांकडून वाचून घ्या. त्यांनीही वाचलं तर बरंच.

"डोक्याकडे शेवटी बघायचं," ती म्हणायची. म्हणताना तळहात आडवा करून डोळ्यांसमोर धरायची, लांबवरच्या पक्ष्याचं डोकं बरोबर झाकलं जाईल असा. "आता सांग. काय दिसतं?"

"काही नाही. एक मोठा पक्षी."

"मास्तरीणबाई, पेपर कोरा ठेवू नका. पाय सांगा, चोच सांगा, पंख कसे धरलेत ते सांगा."

मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून मी मास्तरीणबाई. ती हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर, म्हणून ती डॉक्टर. तिचं नाव लिहीत नाही, तिला ते आवडलं नसतं. पहिल्या भेटीत मी "आपण कुठल्या?" विचारलं, तर म्हणाली, "वेंगुर्ल्याची. आणि ते आपण-बिपण पुण्यात. इथे सगळे मेट, म्हणजे दोस्त. तू म्हण." ती बऱ्याच वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळी झालेली. एकुलता मुलगा कालगुर्लीत वाढला, पर्थला युनिमध्ये शिकला आणि नोकरीसाठी कॅनडात गेला.

कालगुर्ली म्हणजे लाल माती, सोन्याची खाण आणि कुठेही जायचं तर लांबलचक रस्ता. खाणीत सुरुंग उडाला की आमच्या कपाटातल्या कपबश्या किणकिणायच्या. तेव्हा कुंपणापलीकडून तिचा आवाज यायचा, "माझ्या पेशंटला उठवू नका रे!" ती मोठ्याने बोलायची, मोठ्याने हसायची, आणि डाळीला फोडणी दिली की वाटीभर आमच्याकडे पाठवायची.

मग तो मुलगा गेला. बर्फावरून गाडी घसरली. तो सव्वीस वर्षांचा होता.

ती कॅनडाला जाऊन आली आणि आठवड्याभरात कामावर रुजू झाली. त्यानंतर कुंपणापलीकडून आवाज येईनासा झाला. आजोबा म्हणाले, "तू जाऊन बस तिच्याकडे." मी जाऊन बसायची. ती चहा करायची, आम्ही पीत असू, आणि मी परत यायची. असे काही महिने गेले.

एका शनिवारी ती आपण होऊन आमच्या दारात आली. गळ्यात नवी दुर्बीण. "तुला गाडी चालवायला आवडते ना? मला गावाबाहेर ने. मला गरुड बघायचेत."

मला नवल वाटलं. तिने पक्ष्यांकडे कधी मान वर करून पाहिलेलं मला आठवत नव्हतं. पण ती स्वतः आता हायवेवर गाडी चालवत नसे, हे मला माहीत होतं. मी चप्पल घालून निघाले.

गरुड कसा शोधायचा ते तुम्हालाही उपयोगी पडेल. तिथल्या हायवेवर रात्री कांगारू गाड्यांखाली येतात. सकाळी त्यांच्यावर आधी कावळे जमतात. कावळे अंतर राखून, गुमान बसलेले दिसले की समजायचं, मधे कुणीतरी मोठं बसलं आहे. तो तिथला वेज-टेल्ड ईगल, शेपटी पाचरीसारखी. लोक त्याला लाडाने वेजी म्हणतात. पोटभर मांस खाल्लं की त्याला झटकन उडता येत नाही, आणि एकामागे एक ट्रेलर जोडलेल्या त्या रोड ट्रेनला झटकन थांबता येत नाही. मग कांगारूशेजारी गरुडही मरून पडतो.

म्हणून ती मला गाडी बाजूला घ्यायला लावायची. हॉस्पिटलातले हातमोजे चढवायची आणि मेलेल्या कांगारूची शेपटी दोन्ही हातांनी धरून त्याला रस्त्यापासून लांब झुडपात ओढत न्यायची. ही बाई शाकाहारी, घरात अंडंसुद्धा नसे. मी पदर नाकाला लावून मागून ढकलायची. एकदा एका पोराने आपली यूट, म्हणजे मागून उघडी गाडी, थांबवून खिडकीतून विचारलं, "यू राइट, लव्ह?"

"नो वरीज, मेट," ती धापा टाकत म्हणाली. "पेशंट हलवतेय!"

तो हसत निघून गेला. ती हसली नाही. हातमोजे उलटे करून काढले, पिशवीत टाकले आणि दुर्बीण उचलली.

आम्ही कितीतरी वेजी पाहिले, पण तिचं समाधान होत नसे. तो उडत असला की तिचं लक्ष उडून जायचं. तिला बसलेला गरुड हवा असे, तोही उंच फांदीवर, संध्याकाळी, सूर्य त्याच्या पाठीमागे असताना. अशा वेळी काही म्हणजे काही दिसत नाही, नुसती काळी आकृती. मी एकदा वैतागले. "अगं, उजेडाच्या बाजूने जाऊ ना! त्याची मान बघ किती सुंदर सोनेरी आहे."

"डोक्याकडे शेवटी बघायचं."

"पण का?"

तिने फोन काढला आणि माझ्या हातात दिला. त्यावर एक फोटो होता. वाळक्या फांदीवर बसलेला काळपट पक्षी, मागे मावळतीचं आभाळ. खाली मुलाचा मेसेज, "आई, बाल्ड ईगल! फायनली!" तो तिकडे गेल्यापासून दर रविवारी एका नदीवर जाऊन हा पक्षी शोधत होता. त्याखाली आईचं उत्तर होतं, "हा नव्हे रे. डोकं पांढरं कुठाय?" त्याखाली त्याचं, "ओके आई."

त्यापुढे काही नव्हतं. घरी परतताना त्याची गाडी घसरली.

"मी ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आले होते," ती म्हणाली. "घाईत होते. बघितलं न बघितलं, लिहून टाकलं."

पुढे कॅनडाहून काही दिवसांसाठी आलेल्या एका डॉक्टरला तिने तो फोटो दाखवला. तो सहज म्हणाला, लहान पक्षी असू शकेल, त्यांचं डोकं तपकिरीच असतं. पण तिथे सोनेरी गरुडही असतो, आणि लहान बाल्ड ईगल हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो. तिने जाणकारांना फोटो पाठवला. एक म्हणाला बाल्ड, दुसरा म्हणाला सोनेरी, तिसरा म्हणाला यावरून सांगता येणार नाही.

"तीन स्पेशालिस्ट, तीन मतं," ती म्हणाली. "मग पेशंट आपणच तपासायचा."

ती कशात अडकली होती, ते मला त्या दिवशी कळलं. तो सोनेरी गरुड निघाला, तर मुलाला हवं ते शेवटपर्यंत दिसलंच नाही. तो बाल्ड ईगल निघाला, तर त्याला दिसलेलं तिने त्याच्या हातून काढून घेतलं. मी विचारलं, "तुला कुठलं उत्तर हवंय?"

"त्याचं बरोबर असलेलं," ती लगेच म्हणाली. "माझं मी बघेन."

आता पाय. सोनेरी गरुडाच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात, बाल्ड ईगलचे पाय खाली उघडे असतात. वेजी हा सोनेरी गरुडाचा भाऊबंद, त्यालाही बोटांपर्यंत पिसं. बाल्ड ईगलचा भाऊबंद आपल्याकडे समुद्रावर सापडतो, पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. ती म्हणायची, "वेजीने चुडीदार घातलाय, समुद्रावरच्याने हाफ पँट." मुलाच्या फोटोत पाय काळेच होते, पण त्या दोन पायांच्या मधून आभाळाची एक बारीक चीर दिसत होती. वेजी उजेडाच्या विरुद्ध बसला की अशी चीर दिसत नाही, पिसांनी सगळं भरून जातं. हे तिने पुन्हा पुन्हा पाहून पक्कं केलं होतं. आता समुद्री गरुड तसाच, सूर्याच्या आड, बसलेला पाहायला हवा होता.

त्यासाठी आम्ही दक्षिणेला एस्परन्सला गेलो. चार-साडेचार तासांचा रस्ता. मी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या. तिने एकही खाल्ली नाही. पहिला दिवस नुसता वाऱ्यात गेला. सीगल, पाणकावळे, एक मासेमार घार. दुसऱ्या संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी एका वठलेल्या झाडावर मला मोठा पक्षी दिसला. सूर्य त्याच्या मागे होता. मी दुर्बीण लावली आणि माझी निराशा झाली. सगळा तपकिरी.

"हा नसावा गं," मी म्हणाले. "पोट पांढरं कुठाय?"

मी वळून पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. मी काय बोलले ते तेव्हा मला ऐकू आलं.

"पिल्लू आहे," ती अगदी हळू म्हणाली. "त्यांचंही पांढरं नंतर येतं."

तिने माझ्याकडून दुर्बीण घेतली. तळहात समोर धरून डोकं झाकलं. बराच वेळ ती तशीच उभी होती, वाऱ्याने साडीचा पदर फडफडत होता. मग फोन काढून फोटो पाहिला, पुन्हा पक्षी पाहिला. मग दुर्बीण मला दिली. त्या पक्ष्याच्या बारीक, उघड्या पायांमधून आभाळाची एक चीर स्वच्छ दिसत होती.

"बरोबर होतं त्याचं," ती म्हणाली, आणि वाळूत बसली.

मी शेजारी बसले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "त्याने मनाला लावून घेतलं नसेल गं. ओके आई म्हणाला ना."

ती एकदम माझ्याकडे वळली. "ओके आई," ती म्हणाली. "अगं, पटलं नाही की तो ओके आई म्हणायचा. स्वेटर घाल, ओके आई. लवकर झोप, ओके आई. लहानपणापासून! ओके आई म्हणायचा आणि हवं तेच करायचा." तिचा आवाज चढत गेला. "ऐकलंच नाही त्याने माझं. मेल्याने ऐकलंच नाही!"

आणि ती हसली. पूर्वीसारखी मोठ्याने, कुंपणापलीकडून ऐकू यायची तशी. पक्षी उडून गेला. हसता हसता तिचं रडू कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि अंधार पडेपर्यंत तो तिथेच ठेवला. मुलगा गेल्यापासून तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर तिने गरुड पाहायचं थांबवलं नाही. मात्र आता ती उडणारेही बघे. आजोबा निवृत्त झाले आणि आम्ही इकडे मेलबर्नजवळ पॉइंट कुकला आलो, तेव्हा निघताना ती फाटकाशी उभी राहून म्हणाली, "तिकडे समुद्र आहे. आळस करू नकोस." मी तिला फोटो पाठवायची, ती उत्तर द्यायची, "घार. नापास."

मागच्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. पर्थला उपचार झाले, पण उपयोग झाला नाही. ती डॉक्टर होती, तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. फोनवर मी एकदा विचारलं, "कॅनडाला जाऊन ती नदी बघावी असं कधी वाटलं नाही?"

"वाटलं ना. पण तिथे जायला तोच एक रस्ता आहे."

मग म्हणाली, "पिल्लांना पहिला हिवाळा अवघड जातो. तो निभावला की पुढे वीस-पंचवीस वर्षं सहज काढतात."

हे आमचं शेवटचं बोलणं. तिचं कालगुर्लीचं घर विकलं गेलं आहे, तिथे एक तरुण जोडपं राहतं. तिच्या घरचं माणूस आता कुणी उरलेलं नाही.

तिच्या मुलाच्या फोटोतला तो पक्षी बहुधा अजून आहे. आता तो कुणालाही ओळखता येईल.