डावीकडं बघा, सर

निमोण्याहून दौंडला जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये ड्रायव्हर त्याच्या डाव्या हाताची जागा रोज माझ्यासाठी राखायचा. त्याची मान डावीकडं वळत नव्हती. वाटेत बिनफाटकाचे रूळ आले की तो थांबायचा आणि समोर बघतच विचारायचा, "सर, डावीकडं?" मी नीट बघून "मोकळं" म्हणालो की मगच गिअर पडायचा.

जीप भरेपर्यंत तो कधी बसला नाही. भोवती फेऱ्या मारायचा. "बसलो की आखडतो," म्हणायचा. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं, की पेशीत एका प्रथिनाची घडी नीट पडत नसावी, त्याचा पेशीवर ताण येतो, मग शरीराची संरक्षक फौज मणक्यांवरच तुटून पडते आणि मणके एकमेकांना चिकटतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून त्यानं मला विचारलं, "म्हंजी चोर आलाच न्हाई, आन् शिपाई घरच्यांनाच बडवत्यात?"

"तसंच," मी म्हणालो.

एका सकाळी रुळांपाशी त्यानं इंजिनच बंद केलं.

"सर, आज उजवीकडं बी वळंना."

मग समोर बघतच मागच्यांना ओरडला, "समदे उतरा. चालत पलीकडं जावा."

बायका पोरांना घेऊन कुरकुरत उतरल्या. मी रुळांत उभा राहिलो, दोन्हीकडं बघितलं आणि हात वर केला. माझ्या हातावरची नजर न काढता त्यानं रिकामी जीप पलीकडं आणली.

"बसा," तो म्हणाला.

सगळे बसले. मीही बसलो. संध्याकाळी याच रुळांवरून परत यायचं होतं.